नाताळचं झाड: तीन मारली, चौथं तरी जगवायचंय

मोगरी_वसई | २८ नोव्हेंबर

या रविवारी आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतली, पहिली मेणबत्ती लागेल. लेकीचा प्रश्न मात्र आठवडाभर आधीच सुरू झालाय, "आई, यंदा झाड कुठलं?" यात खोच आहे. गेल्या चार वर्षांत मी तीन झाडं मारलीत. फादरांकडे सांगायचं पाप नाही हे, म्हणून इथे सांगते.

आमच्या लहानपणी वाडीत नाताळ म्हणजे गोठा, येशूजन्माचा देखावा; झाडाला दुसरा मान. बाबा कुणाच्या तरी कुंपणावरची सुरूची फांदी मागून आणायचे. रिकाम्या तेलाच्या डब्यात वाळू भरून ती उभी करायची आणि वर कापसाचे पुंजके चिकटवायचे. कंदील बांबूच्या कामट्यांचा नि पतंगी कागदाचा, घरीच केलेला. ६ जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की फांदी चुलीत. झाडाचं काय करायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

आता तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. पहिलं झाड चार फुटी आणलं, टीव्हीशेजारी एसीच्या झोतात ठेवलं आणि लाडाने रोज तांब्याभर पाणी घातलं. फेब्रुवारीत खालच्या फांद्यांपासून तपकिरी होत वर गेलं. दुसरं नाताळ संपताच पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलं. आठ दिवसांत असं करपलं की होळीआधीच होळी. तिसरं रोपवाटिकेतूनच चंदेरी रंग फवारून आलेलं. रंगाखाली काय चाललंय ते कळलंच नाही, मार्चमध्ये सुया झडायला लागल्या तेव्हा कळलं.

हे तिसरं फेकण्याआधी मी उपसून बघितलं. चिनी मातीच्या देखण्या कुंडीला खाली भोकच नाही. आत झाडाची काळी पिशवी तशीच्या तशी. पिशवीत लाल मातीचा गोळा, विटेसारखा. खुरप्याने खरवडला तेव्हा दिसलं की मुळांनी त्या गोळ्याबाहेर पाऊलही टाकलेलं नव्हतं. तळाला बोटभर पाणी साचलेलं आणि वास पावसाळी गटाराचा. कुंडी मीच घेतली होती, पिशवीसकट झाड दुकानदाराने आत उतरवलं होतं. दोष अर्धा-अर्धा.

तर आता चौथं कुठलं आणि कसं? माळ्यावर एक पाच फुटी प्लास्टिकचं झाडही पडून आहे, जाऊबाई कॅनडाला गेल्या तेव्हा आमच्या गळ्यात आलेलं. ते वापरलं तर पाप की पुण्य?

उंडगा_उंदीर | २८ नोव्हेंबर

तीन खून आणि आरोपी स्वतःहून हजर. धागा आवडला. बसलोय.

कुंडीतला_कुंभार | २८ नोव्हेंबर

मोगरीताई, शवविच्छेदन तुम्हीच केलंत आणि निदानही त्यातच आहे. तिसरं झाड बुडून मेलं. पहिलंही बहुधा तसंच गेलं असावं.

आधी नाव स्पष्ट करू. आपल्याकडे 'ख्रिसमस ट्री' म्हणून विकतात ते युरोप-अमेरिकेतलं फर किंवा स्प्रूस नव्हे, खरं म्हणजे पाइनही नव्हे. ते अरौकेरिया, दक्षिण गोलार्धातलं कुळ. चिठ्ठीवर 'नॉरफोक आयलंड पाइन' लिहिलेलं असतं, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या एका चिमुकल्या बेटावरचं झाड. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याचा भाऊ निघतो, न्यू कॅलेडोनियाचा कुक पाइन. लहानपणी दोघे ओळखू येत नाहीत आणि काळजीही सारखीच. दोन्ही समुद्रकाठची, त्यामुळे वसईची खारी दमट हवा त्यांना मानवते. आमच्या पुण्याच्या कोरड्या मार्चपेक्षा तुमच्याकडे त्यांचं जास्त बरं चालेल. फक्त एसीच्या झोतात नको.

आता तो गोळा. लांबून ट्रकने येणारी रोपं चिकट लाल मातीत घट्ट बांधलेली असतात, म्हणजे धक्क्याने मुळं हलत नाहीत. राजमहेंद्रीजवळच्या कडियमसारख्या ठिकाणाहून रोपं देशभर जातात, त्यांना प्रवासापुरती ही माती उत्तम. कुंडीत मात्र तीच काळ होते. वरून कोरडी, भेगाळलेली दिसते म्हणून आपण पाणी घालतो. ते कडेने खाली उतरतं, गोळ्याच्या आत जातच नाही, आणि तळ कुजत राहतो. एकाच झाडाची वरून तहान आणि खालून बुडणं.

उपाय असा. झाड आणल्या दिवशी पिशवी फाडून काढा. गोळा फोडू नका, बाहेरची पापडी तेवढी काट्याने सगळीकडून खरवडा. चार बोटं मोठी कुंडी घ्या, मातीचीच, तळाला भोकं असलेली. दोन भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत असं मिश्रण भोवती भरा. पाहुण्यांसाठी देखणी कुंडी हवीच असेल तर ही तिच्यात ठेवा, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने आतलं साचलेलं ओतून टाकायचं. पाणी रोज नाही. मातीत बोटाची दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच भरपूर घाला.

घेताना शेंडा आधी बघा. मधला उभा शेंडा शाबूत नसेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. या झाडाचा शेंडा गेला की तो डौल पुन्हा येत नाही. बाजूच्या फांदीची कलम लावून नवं झाड करू म्हणाल तर तीही आयुष्यभर आडवीच वाढते, उभी राहायचं नाव घेत नाही. मग बुडाशी बघा, एका कुंडीत एकच खोड आहे की तीन-चार. दाट दिसावं म्हणून रोपं एकत्र कोंबतात आणि पुढे ती एकमेकांच्या जिवावर उठतात. खालचे थर हिरवे हवेत, कारण गळलेला थर परत फुटत नाही. टोकांना पोपटी नवी पालवी असेल तर झाड चालतं आहे. आणि चंदेरी, सोनेरी, बर्फाळ फवारा मारलेलं फुकट मिळालं तरी नको. पानांची तोंडं बंद केल्यावर ते श्वास कुठून घेणार?

पावशेर_पर्यावरण | २९ नोव्हेंबर

एवढा खटाटोप कशाला? एक वाळकी फांदी उचला, भिंतीला टेकवा, माळ सोडा. झालं झाड. जगवायचंही नाही, मारायचंही नाही.

मोगरी_वसई | २९ नोव्हेंबर

पावशेर, हे गेल्या वर्षी केलं. लेक म्हणाली, "आई, हे झाड नाही, झाडू आहे."

कुंभारदादा, 'वरून तहान आणि खालून बुडणं' वाचून पोटात कालवलं. एक विचारू? आणून लगेच हॉलमध्ये ठेवू की नको?

कुंडीतला_कुंभार | २९ नोव्हेंबर

लगेच नको. रोपवाटिकेत ते हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. आठवडाभर गॅलरीत सावलीला ठेवा, मग आत खिडकीशी. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. दर रविवारी कुंडी पाव वळसा फिरवायची, नाहीतर झाड उजेडाकडे झुकतं. नाताळ झाल्यावर हाच क्रम उलटा: आधी खिडकी, मग सावलीची गॅलरी, मग सकाळचं ऊन, तेही तासा-तासाने वाढवत. तुमचं दुसरं झाड ही पायरी गाळल्याने गेलं. जानेवारी-फेब्रुवारीत खत नाही, एप्रिल-मेमध्ये जाळी, कुंडी बदलायची ती जूनमध्ये पाऊस लागल्यावर.

गोलमाल_गणिती | २९ नोव्हेंबर

प्लास्टिकच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देतो. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेने काढलेले अंदाज असे: ६-७ फुटी कृत्रिम झाडामागे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. तेवढंच तोडलेलं खरं झाड कचराभूमीत सडलं तर १६ किलो, कारण तिथे हवेविना कुजताना मिथेन निघतो. तेच जाळलं किंवा भुसा करून जमिनीवर पसरलं तर साडेतीन किलोच्या आसपास.

म्हणजे नवं प्लास्टिकचं झाड भुसा केलेल्या झाडाच्या बरोबरीला यायला ११-१२ नाताळ लागतात. हे तिकडचे आकडे, तोडून विकायच्या झाडांचे. कुंडीतल्या अरौकेरियाला ते लावू नका.

पण तुमच्या माळ्यावरच्या झाडाचे जे काही किलो असतील ते कधीच खर्च झालेत. ते फेकून नवं हिरवं काही आणणं हा उफराटा व्यवहार. पुण्य नवं घेण्यात नाही, जुनं शेवटपर्यंत वापरण्यात आहे. एकच पाहा: फार जुनं असून सुयांची भुकटी पडत असेल तर लहान मुलांच्या हाती देऊ नका. जुन्या पीव्हीसीत शिसं वापरलेलं असू शकतं.

पावशेर_पर्यावरण | २९ नोव्हेंबर

गणिती, म्हणजे तुम्ही प्लास्टिकचं समर्थन करताय. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

गोलमाल_गणिती | २९ नोव्हेंबर

फ्रेम करून लावा. फ्रेम लाकडी घ्या.

हॅम्बुर्गची_हेमा | ३० नोव्हेंबर

इकडची गोष्ट सांगते, कारण इथे हा दरवर्षीचा घरगुती वाद असतो.

जर्मनीत सर्वाधिक खप नॉर्डमन फरचा. सुया मऊ, टोचत नाहीत, लवकर झडतही नाहीत. गंमत म्हणजे या झाडांचं बरंचसं बी जॉर्जियातल्या आम्ब्रोलाउरी भागातून येतं. तिथली माणसं उंच झाडांवर चढून शंकू उतरवतात, ते बी डेन्मार्क-जर्मनीच्या शेतात पेरलं जातं आणि हातभर उंचीपासून माणसाएवढं व्हायला दहाएक वर्षं जातात. म्हणजे हे जंगल तोडून आणलेलं झाड नव्हे, शेतातलं पीक आहे, उसासारखं, फक्त सावकाशीचं. हे कळल्यावर माझा अपराधभाव निम्मा झाला. उरलेला निम्मा फवारण्यांबद्दल आहे, म्हणून आम्ही सेंद्रिय शिक्का असलेलं, जवळच्या शेतावरचं घेतो.

पहिल्या वर्षी मी उत्साहाने मुळांसकट कुंडीतलं झाड आणलं. हीटरच्या उबेत तीन आठवडे ठेवलं आणि जानेवारीत उणे आठमध्ये बाहेर. गेलं. नंतर शेजारच्या आजींनी समजावलं की उबेत त्याला वसंत आल्यासारखं वाटतं, ते जागं होतं, आणि मग आपण त्याला बर्फात ढकलतो. मुळांचं झाड घरात फार तर आठ-दहा दिवस, आत आणताना आणि बाहेर नेताना मध्ये चार दिवस थंड जिन्यात किंवा गॅरेजमध्ये. इथल्या जुन्या घरांत झाड २४ डिसेंबरलाच उभं करतात, त्यामागचं शहाणपण तेव्हा समजलं.

६ जानेवारीनंतर पालिका रस्त्याकडेची झाडं उचलून नेते. अट एकच, त्यावर चमचम किंवा तार राहिलेली नको. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींना झाडं खायला घालतात, तीही विक्रेत्यांकडची न खपलेली. घराघरांतली चालत नाहीत, कारण त्यात जरी अडकलेली असते.

चार्लटची_चारू | ३० नोव्हेंबर

हेमाला पुस्ती. आमच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात फ्रेझर फर पिकतं. शेतावर जाऊन स्वतः करवतीने कापता येतं, मुलांना त्यातच नाताळ होतो.

तोडलेल्या झाडाचं सगळं गणित पाण्यात आहे. कापल्यावर बुंध्यावर चिकाचा थर धरतो, म्हणून घरी आणल्यावर बुंध्याची दोन-अडीच सेंटिमीटरची चकती पुन्हा सरळ कापायची आणि लगेच पाण्यात उभं करायचं. बुंध्याची जाडी दर अडीच सेंटिमीटरला लिटरभर पाणी, हा ठोकताळा. पहिल्याच दिवशी तीन-चार लिटर पिऊन टाकतं, घाबरू नका. साखर, अ‍ॅस्पिरिन, लिंबू-सोडा असलं काही घालायचं नाही, साधं नळाचं पाणी. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून बुंध्याची साल तासायची नाही, कारण पाणी ओढणारा भाग सालीलगतच असतो. आमच्या यजमानांनी पहिल्या वर्षी पेन्सिलीसारखं टोक काढलं होतं. दहा दिवसांत घरभर सुया. व्हॅक्यूम क्लीनरमधून होळीपर्यंत निघत होत्या.

घेताना फांदी मुठीत धरून हात ओढा. हातात सुया आल्या तर ते झाड शिळं.

पणजीची_पोर | ३० नोव्हेंबर

आमच्या गोंयात अजून गोठाच राजा, आणि बाहेर नखेत्र, म्हणजे चांदणीचा कंदील. गोठ्याभोवती शेत दिसायला हवं म्हणून आई आठ-दहा दिवस आधी ताटलीत नाचणी पेरते. नाताळच्या रात्री बोटभर हिरवीगार लव. नंतर ती शेजारच्या वासराला. याहून स्वस्त आणि हिरवं काही असेल तर सांगा.

मोगरी_वसई | ३० नोव्हेंबर

अगं, आम्हीही पेरायचो! साफ विसरले होते. करवंट्यांत पेरते यंदा.

पण मंडळी, सुरूची फांदी आणायला काय हरकत आहे? आमच्याकडे सुरुची बाग नावाचा किनाराच आहे.

खाजणातला_खेकडा | १ डिसेंबर

हरकत आहे. किनाऱ्यावरचे सुरू वनखात्याने वारा आणि वाळू अडवायला लावलेले आहेत. डिसेंबर आला की गाड्या थांबवून लोक हाताला येतील तेवढ्या फांद्या ओरबाडतात, खालची झाडं पार बोडकी होतात. स्वतःच्या बांधावरचा सुरू असेल आणि छाटणी करायचीच असेल तर फांदी जरूर घ्या, तो तर सर्वात उत्तम मार्ग. तुमचे बाबा तेच करत होते, विचारून आणि कुंपणावरची.

अवांतर: सुरूच्या 'सुया' म्हणजे पानं नव्हेत, त्या सांधे असलेल्या बारीक काड्या. एक ओढून तोडा, पेरापेराने सुटते. खरी पानं त्या पेरांवर खवल्यांएवढी असतात.

सोसायटीचा_सचिव | १ डिसेंबर

मी दुसऱ्या बाजूने येतो. 'नाताळनंतर सोसायटीच्या बागेत लावू' असं म्हणून दर जानेवारीत आमच्याकडे दोन-तीन झाडं येतात. कुंडीत चार फुटांचं दिसणारं हे झाड जमिनीत गेलं की थांबत नाही. मूळ बेटांवर ही ५० मीटरपर्यंत जातात. आमच्याकडे २० वर्षांपूर्वी कुणीतरी भिंतीला लागून लावलेलं आता पाच मजल्यांवर गेलंय. छाटायचं तर शेंडा मारून विद्रूप होतं, तोडायचं तर १९७५ च्या झाडं जतन कायद्याखाली पालिकेची परवानगी लागते. आणि ते कललेलंही आहे, दक्षिणेकडे. एक सभासद वास्तूवाल्याला घेऊन आले, तो म्हणाला, यमाची दिशा दाखवतंय, इमारतीला दोष आहे.

कुंडीतला_कुंभार | १ डिसेंबर

सचिवसाहेब, इमारत निर्दोष आहे. तो कुक पाइन असणार. २०१७ साली संशोधकांनी पाच खंडांतले कुक पाइन मोजले. बहुतेक सगळे विषुववृत्ताकडे कलतात, सरासरी साडेआठ अंश. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. वास्तूवाल्याला ऑस्ट्रेलियाला पाठवा, तिथे कुबेराची दिशा दाखवेल.

बाकी त्यांचा मुद्दा महत्त्वाचा. मोगरीताई, झाड जमिनीत नको, कुंडीतच ठेवा. कुंडीत मुळं आवळलेली राहतात, वाढ संथ होते, सात-आठ वर्षं तेच झाड दर नाताळला आत-बाहेर करता येतं. जागा अगदीच कमी असेल तर मोरपंखी घ्या. कुंडीत आटोपशीर राहते आणि छाटलेली तिला चालते. ऊन मात्र भरपूर लागतं, आत चार-पाच दिवसच.

उंडगा_उंदीर | १ डिसेंबर

मोरपंखीचं पान लहानपणी वहीत ठेवायचो, विद्या येते म्हणून. विद्या आली नाही. झाड तरी येईल.

मोगरी_वसई | ७ जानेवारी

अहवाल देते. तीन फुटी आणलं, चार थरांचं, एकच खोड, शेंडा शाबूत. दुकानदार म्हणाला, "ताई, पिशवी राहू द्या, झाड हलेल." मी त्याच्यासमोर फाडली. आत तोच लाल गोळा. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मी आणि लेकीने तासभर खरवडला, नखं लाल झाली.

झाडावर पतंगी कागदाच्या चांदण्या, उन्हात वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या आणि एक एलईडीची माळ, झोपताना बंद करायची. धाकट्या दिरांनी हौसेने सुकेळी टांगली. कृपया कुणी टांगू नका. मध्यरात्रीची मिस्सा करून आलो तोवर वाडीतल्या सगळ्या मुंग्यांचा नाताळ झाला होता. कापूस मात्र मी मुद्दाम लावला नाही, आधीच्या झाडांवर तो ओला राहून फांद्या काळ्या पडल्या होत्या.

जाऊबाईंचं प्लास्टिकचं झाड झटकून बघितलं, भुकटी पडत नाही. ते चर्चच्या युवामंडळाने सभागृहासाठी नेलं. पुढची दहा वर्षं तिथे राहील असं वदवून घेतलंय. गणितींनी हिशेब ठेवावा.

आज सजावट उतरवली. नाचणी गाईने खाल्ली. झाड आता सावलीच्या गॅलरीत आहे.

मोगरी_वसई | १९ जुलै

धागा वर काढतेय. जिवंत आहे! एप्रिल-मेमध्ये जुन्या साडीची सावली केली, जूनमध्ये कुंडी बदलली. या वेळी मुळं गोळ्याबाहेर आली होती, पांढरी, सुतळीएवढी. वर पाचवा थर फुटलाय, पोपटी, चांदणीसारखा. लेक रोज मोजपट्टी लावते.

एकच काळजी. झाड थोडं कललंय. मोबाइलवर होकायंत्र काढून बघितलं, दक्षिणच निघाली. कुंभारदादा, कुक पाइन आहे ना हो?

कुंडीतला_कुंभार | १९ जुलै

अभिनंदन! ताई, तुमच्या गॅलरीची मोकळी बाजू कुठली?

मोगरी_वसई | २० जुलै

नैर्ऋत्य.

कुंडीतला_कुंभार | २० जुलै

मग कुंडी फिरवा.